कंडक्टरबाईंची रविवारची फेरी

"आधी बसा."

दोरीला हिसके देत, भुंकत, लाळ गाळत एखादं दांडगं कुत्रं बाईंच्या फाटकातून आत शिरायचं आणि त्याच्यामागे फरफटत, घामाघूम झालेला त्याचा मालक. बाई ओसरीवर तूरडाळ निवडत बसलेल्या असायच्या. मान वर न करता त्या हे दोन शब्द बोलायच्या. मालक लगेच कुत्र्यावर खेकसायचा, "टायगर, सिट! सिट म्हणतो ना!"

"त्याला नाय," बाई म्हणायच्या, "तुम्हाला म्हणलं. बसा सतरंजीवर."

मग त्या गृहस्थाला बसावंच लागे. पुढची दहा मिनिटं बाई काही बोलायच्या नाहीत आणि त्यालाही बोलू द्यायच्या नाहीत. ताटातले खडे बाजूला पडत राहायचे. मालकाचा श्वास जागेवर यायचा, खांदे खाली यायचे, मुठीतली दोरी आपोआप सैल व्हायची. आणि तुमच्यापैकी ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांचा विश्वास बसेल, इतरांचा कदाचित बसणार नाही, पण त्या वेळात टायगरही जमिनीला पोट टेकून बसलेला असायचा.

"आता बोला," बाई म्हणायच्या, "कोण कुणाला चावलं?"

मी जनावरांचा डॉक्टर. पुंडलिकनगरात माझा दवाखाना आहे. बाईंचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते कधी तोंडात आलं नाही. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होत्या म्हणून सगळी गल्ली त्यांना कंडक्टरबाई म्हणायची. बुटक्या, काळ्यासावळ्या, तेल लावून घट्ट बांधलेले केस, चष्म्याला मागून दोरा. माहेर फर्दापूरचं. नवरा ड्रायव्हर होता, तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि शेजारी खिळ्याला नोकरीतली चामड्याची बॅग. पूर्वी तिच्यात तिकिटं असायची, आता कुत्र्यांचे पट्टे असत. पुढे अंगण आणि एक पत्र्याची शेड. इथं त्या लोकांची बिघडलेली कुत्री ठेवून घ्यायच्या.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या पराभवातून. एका इंजिनिअरचा ब्रुनो नावाचा काळा कुत्रा घरातल्या तिघांना चावला होता. तोंड बांधून त्याला टेबलावर आणलं होतं आणि याचं काही होण्यासारखं नाही, असं मी त्या कुटुंबाला सांगत होतो. काय सुचवतो आहे ते त्यांनाही कळलं होतं. बाई बाकावर बसल्या होत्या, मांजरीसाठी डोळ्याचं औषध न्यायला आल्या होत्या.

"डॉक्टर, जरा थांबता का? त्याला खाली घ्या अन् तोंडाचं सोडा."

"चावेल, बाई."

"चावंल तर मला चावंल."

का कुणास ठाऊक, मी ऐकलं. दार लावून घेतलं. बाई फरशीवर बसल्या, त्या कुत्र्याकडं चक्क पाठ करून. पदर मागे पसरला. आणि बसून राहिल्या. मी आतल्या खोलीत दोन शेळ्या तपासून आलो तेव्हा ब्रुनो त्यांच्या पदरावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला होता.

"काय केलं तुम्ही?"

"काय नाय. मघापासून सगळे त्याच्याकडं बघायले होते. मी बघितलं नाय."

ब्रुनोला त्या घरी घेऊन गेल्या. तीन महिन्यांनी तो इंजिनिअरच्या आईच्या पायाशी झोपायला लागला. त्यानंतर माझ्याकडं आलेलं प्रत्येक चावरं, भित्रं, वेडंपिसं कुत्रं मी बाईंकडं पाठवत आलो.

त्यांची पद्धत म्हणाल तर सगळी एसटीतली होती. कुत्र्याला टाइमटेबल लागतं, असं त्यांचं मत. "गाडी टायमावर आली की पॅसेंजर गप असतंय. लेट झाली की भांडणं." त्यामुळे खाणं, फिरणं, झोप, सगळं घड्याळावर. चालताना जिभेने एकदा टक् केलं की थांबायचं, दोनदा टक् टक् केलं की निघायचं. डबल बेल. दोरी कायम सैल. "ओढली की त्यालाबी वाटतंय, ओढायचं असतंय." आवाज चढवणं त्यांना मंजूर नव्हतं. भरल्या गाडीत ज्या कंडक्टरला ओरडावं लागतं त्याचं कोणी ऐकत नसतं, हे त्यांचं नोकरीतलं ज्ञान.

आणि शेवटची परीक्षा क्रांती चौकात. सकाळी दहाच्या गर्दीत, हॉर्न, रिक्षा, ट्रक, फुगेवाले यांच्यामध्ये कडेला त्या कुत्र्याला घेऊन उभ्या राहायच्या. दहा मिनिटं दोरी सैल राहिली तर पास. कुत्रं मालकाकडं परत. थोडीही ताणली गेली तर पुन्हा एक महिना शेडमध्ये.

"माया शेवटच्या स्टॉपला," त्या मालकांना बजावायच्या. "आधी शिस्त, मग भरवसा, मग लाड. उलटं केलं की खामखा कुत्रं बदनाम होतंय." मी मात्र एकदा दुपारी न सांगता गेलो होतो. बाई शेडमध्ये मांडी घालून बसल्या होत्या आणि एका भल्यामोठ्या अल्सेशियनला दुधात कुस्करलेली भाकरी हाताने भरवत होत्या. "खा रे माझ्या राजकुमारा, माझ्या सोन्या," असं काहीतरी चाललं होतं. मला बघून हात झटकला. "तुम्ही काय पाह्यलं नाय, डॉक्टर." मी म्हटलं, "नाही पाहिलं."

एका मोठ्या गाडीतून आलेल्या माणसाने, काय लागेल ते देतो, महिनाभरात सरळ करा, असं म्हटलं होतं. बाईंनी त्याला सांगितलं, "काय नको. रोज सकाळी साडेसहाला तुम्ही यायचं. ड्रायव्हरला पाठवायचं नाय." तो चार दिवस आला, पाचव्या दिवशी ड्रायव्हर आला. बाईंनी कुत्र्याला ठेवून घेतलं आणि ड्रायव्हरला शिकवलं. मालकाला म्हणाल्या, "तुमचं कुत्रं आता यांचं ऐकंल. तुमचं नाय. यात माझा दोष नाय."

इथपर्यंत मी हे कुणालाही सांगत आलो आहे. माणसं हसतात, त्यांना बाई आवडतात. यापुढचं मी सांगत नसे. आज सांगतो.

माझा दवाखाना ज्या घराच्या तळमजल्यावर आहे त्या घराचे मालक अण्णा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पैठणकडं शेती, माणूस वाईट नाही. मागच्या बाजूला ते राहायचे, पहिल्या मजल्यावर भाडेकरू आणि वर गच्ची. गच्चीवर त्यांचा राजा नावाचा तांबडा कुत्रा होता. पिल्लू असताना शेतावरून आणलेला. पुढे सहा-सात वर्षांचा झाला, पाहुण्यांवर धावायला लागला, म्हणून साखळीने बांधलेला. दोन वर्षं तो तिथं होता. उन्हात, पावसात. दवाखान्यात शांतता असली की वरून साखळी फरशीवर घासल्याचा आवाज खाली यायचा. मी डॉक्टर. मला त्या आवाजाचा अर्थ कळत होता. पण जागा अण्णांची होती. मी पंखा वाढवायचो.

मग राजा अण्णांनाच चावला. मनगटावर. तेव्हा कुठे मी बाईंचं नाव काढलं.

राजासारखं कुत्रं बाईंनीही पाहिलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस तो शेडच्या कोपऱ्यात दोन हात जागेत गोल गोल फिरायचा. साखळी नव्हती, तरी साखळीएवढंच. बाई त्याच्याकडं पाठ करून रोज तास-तास बसायच्या. एक दिवस त्याने येऊन त्यांच्या पाठीला नाक लावलं. त्या संध्याकाळी त्या मुद्दाम दवाखान्यात आल्या, "लागलं बरं का नाक," एवढं सांगायला. पाचव्या महिन्यात राजा क्रांती चौकात उभा राहिला. सात-आठ मिनिटं दोरी सैल राहिली, मग एका बसचा टायर फुटल्यासारखा आवाज झाला आणि त्याने दोरी ताणली.

"अजून एक महिना," बाई म्हणाल्या.

पण दिवाळी आली होती. अण्णा कुटुंबासह गावाकडं जाणार होते आणि घर रिकामं राहणार होतं. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. ते रोज दवाखान्यात यायचे. "डॉक्टर, बाई तुमच्या शब्दातल्या आहेत. सांगा ना त्यांना." माझा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता. अण्णांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

मी बाईंकडं गेलो.

"फटाके होऊन जाऊ द्या, डॉक्टर. मग देते."

"अण्णा ऐकत नाहीत. आणि खरं सांगू का, बाई, तुम्ही उगाच भिताय. एवढं काम करून ठेवलंय त्याच्यावर. स्वतःवर भरवसा ठेवा जरा."

स्तुती करायची मला सवय नव्हती. बाईंनाही ती ऐकायची सवय नव्हती. त्यांनी पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

"तुम्ही म्हणताय तर देऊ," त्या म्हणाल्या.

वसुबारसेच्या दिवशी त्या राजाला घेऊन आल्या. अण्णांनी त्याला नवा पट्टा घातला, गळ्यात झेंडूची माळ घातली, बाईंना पेढे दिले. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी, मुक्ता, आठ वर्षांची, जिन्यात उभी राहून बघत होती. बाईंनी अण्णांना सगळं नीट सांगितलं. बांधायचं नाही, गच्चीवर ठेवायचं नाही, खाताना जवळ जायचं नाही. अण्णा हो हो म्हणत होते.

"आता चावणार नाही ना?" मुक्ताने विचारलं.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि हसल्या. "नाय गं. शहाणा झालाय आता."

मी समोर होतो. मी ते ऐकलं.

पाडव्याच्या सकाळी मी दवाखान्यात पूजा मांडत होतो. अण्णा आदल्या दिवशी गावाला गेले होते. वरून ती साखळी घासल्याचा आवाज आला. आधी मला वाटलं, भास आहे. शेजारच्या गच्चीवर पोरांनी सुतळी बॉम्बची माळ लावली होती. आवाजावर आवाज. राजाचं रडणं मधूनमधून ऐकू येत होतं. मी हातातली अगरबत्ती ठेवून जिन्याकडं निघालो, तेव्हा वरून मुलीची किंकाळी आली.

मुक्ता त्याला चकली द्यायला गेली होती. त्याला भीती वाटतेय म्हणून. शहाणा झालाय, म्हणून.

राजा पाण्याच्या टाकीमागे शिरून थरथरत होता. साखळी ताणलेली. मुक्ता दारात बसली होती, हात गालावर, बोटांमधून रक्त. मी तिला उचललं. तिच्या आईने मला जिन्यात गाठलं आणि माझ्या हातातून तिला ओढूनच घेतलं. आम्ही रिक्षाने घाटीत, सरकारी दवाखान्यात गेलो. गाल ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत फाटला होता. टाके, इंजेक्शनं, ड्रेसिंग. त्या पोरीने रडणं थांबवलं होतं. टाके घालताना ती छताकडं बघत होती, ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुपारी अण्णा गावाहून थेट तिथं आले. कोणी कळवलं माहीत नाही, पण बाईही आल्या. व्हरांड्यात चारचौघांसमोर अण्णांचा आवाज चढला.

"यांनी छातीठोक सांगितलं होतं, आता चावणार नाही म्हणून. डॉक्टर होते की समोर. विचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बांधायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, हे मला माहीत होतं. फटाके होऊन जाऊ द्या म्हणाल्या होत्या, हेही. त्यांना मी बोललो काय, ते तर मलाच माहीत होतं.

"सांगितलं होतं ना?" मुक्ताच्या आईने मला विचारलं.

"पोरीला तसं म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग मुक्ताच्या आईकडं वळल्या. "व्हय. मी म्हणले होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले सात-आठ जण बाईंच्या फाटकाशी गेले. कुत्री हटवा, इथं लेकरं आहेत. बाईंनी वाद घातला नाही. शेडमध्ये तेव्हा दोन कुत्री होती, त्यांच्या मालकांना बोलावून परत केली. शेड झाडून काढली. मी गेलो तेव्हा पट्ट्यांना तेल लावून त्या बॅगेत भरत होत्या.

"तुम्ही काहीच का बोलला नाहीत?" मी विचारलं. स्वतः काही बोललो नव्हतो, तरी हे विचारायला मला लाज वाटली नाही.

"काय बोलायचं? दोरी माझ्या हातातून गेली, डॉक्टर."

"पण घाई मी केली."

"तुम्ही म्हणला होता, व्हय. पण द्यायचा का नाय द्यायचा ते मी ठरवलं." त्यांनी एक पट्टा बॅगेत ठेवला. "अन् साखळी मला दिसली होती. हार घालायले होते ना राजाला, तवा जिन्यातून वर गच्चीचं उघडं दार दिसत होतं. कडीला लटकत होती तशीच. म्हणलं, ही काढा. तोंडापर्यंत आलं. पण पेढा दिलेला, सगळे खुश. आता काऊन बोलायचं, म्हणलं. गप बसले. लई आनंद झाला की माणसाला दिसत असून दिसत नाय."

पिसाळलेला नाही ना ते पाहायला राजाला दहा दिवस निगराणीखाली ठेवणं भाग होतं. तो माझ्या दवाखान्यातल्या पिंजऱ्यात होता. कुणी जवळ गेलं की तोंड भिंतीकडं करायचा. दहाव्या दिवशी अण्णा आले आणि म्हणाले, "सुई देऊन टाका." मी औषध काढून ठेवलं होतं. बाई आत आल्या, त्यांनी पिंजरा उघडला, राजाला पट्टा लावला.

"कुठं नेताय?" अण्णांनी विचारलं.

"फर्दापूरला. भावाच्या शेतात. मीबी तिथंच राहणार. हा मरंपर्यंत याच्याजवळ मी राहीन, दुसरं कोणतंच कुत्रं धरणार नाय. चालंल का?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी औषध कपाटात ठेवलं. त्या महिन्यात माझ्या भाडेकराराची मुदत वाढली.

एवढ्यावर बाईंची जबाबदारी संपली, असं कुणीही म्हटलं असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

मुक्ताचं कुटुंब अण्णांचं घर सोडून दोन गल्ल्या पलीकडं तळमजल्यावर राहायला गेलं होतं. वडील वाळूजला कंपनीत, आई घरीच शिलाई करायची. मुक्ता घराबाहेर पडत नव्हती. शाळेत जायचं तर वडिलांच्या गाडीवर, चेहरा त्यांच्या पाठीत खुपसून. गल्लीत कुत्रं भुंकलं की चड्डी ओली व्हायची. हे मला शेजाऱ्यांकडून कळायचं. मी त्या गल्लीतून जाणं सोडून दिलं होतं.

बाई फर्दापूरला गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्या मुक्ताच्या दारात उभ्या राहिल्या. आईने दार लावून घेतलं. बाई पायरीवर बसल्या, दाराकडं पाठ करून. पिशवीतून डाळ आणि ताट काढलं. पाच वाजेपर्यंत डाळ निवडली आणि सव्वापाचची जळगाव गाडी धरायला निघून गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा. अडीच-तीन तास यायला, तेवढेच जायला, आणि मधला तास बंद दारासमोर.

पाचव्या की सहाव्या रविवारी आईने पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला. पावसाळ्यात एकदा छत्री ठेवली. मुक्ता पडद्याआडून बघायची. एके दिवशी आतून आवाज आला, "तुमची गाडी किती वाजता असते?"

"सव्वापाचला," बाई म्हणाल्या. वळून पाहिलं नाही.

"कुठं कुठं थांबते?"

"फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, मग फर्दापूर."

पुढच्या रविवारी मुक्ताने ते सगळे थांबे पाठ म्हणून दाखवले, दाराच्या आतून. मग दारात उभी राहून. मग पायरीवर बसून, बाईंपासून हातभर लांब. पुढच्या उन्हाळ्यात दोघी गल्लीच्या कोपऱ्याच्या दिशेने चालायला लागल्या. कोपऱ्यावर किराणा दुकानाच्या फळीखाली एक पांढरी कुत्री झोपलेली असायची. पहिल्यांदा त्या वीस पावलं अलीकडून परतल्या. पुढच्या वेळी पंधरा. हे सारं पुढे मुक्ताच्या आईने मला सांगितलं, कारण पाहणारी तीच होती. मशीन खिडकीशी होतं.

एकदा मुक्ताने विचारलं होतं, "राजा कसा आहे?"

"हाय. म्हातारा व्हायलाय."

"त्याला माहीत आहे का, त्यानं काय केलं ते?"

"नाय. तुला माहीत हाय, मला माहीत हाय, बास. त्याला माफ करायची तुला काय गरज नाय, पोरी. फक्त भिऊ नको."

सव्वादोन वर्षं बाईंचा एकही रविवार चुकला नाही. त्या काळात त्या तीन-चारदा राजाच्या कानाचं औषध न्यायला माझ्याकडं आल्या. पूर्वीसारख्याच बोलल्या. मीही. मुक्ताकडं जाऊन आलात का, एवढं विचारायचो. "व्हय, तिकडूनच आले." मग मी औषध कागदात बांधून द्यायचो.

माघाच्या थंडीत एका रविवारी संध्याकाळी मुक्ताची आई दवाखान्यात आली. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच.

"बाई आज आल्या नाहीत. त्यांचा फोन नंबर माझ्याकडं नाही. कधी लागलाच नाही."

मला दुपारीच कळलं होतं. औषधाच्या कागदावर दवाखान्याचा नंबर होता, त्यावर त्यांच्या भावाने फोन केला होता. सकाळी गाडीसाठी फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि तिथंच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी तिला तसं सांगितलं.

"कार्यक्रम कधी आहे?" तिने विचारलं. "आम्हाला नेता का?"

पुण्यानुमोदनाच्या, त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी गाडी काढली. ती पुढं बसली, मुक्ता मागं. मुक्ताच्या गालावरचा व्रण आता फिकट झाला होता, पण हसताना त्या बाजूचा ओठ हलत नव्हता. सिल्लोड येईपर्यंत मुक्ता झोपली. तिथून पुढं रस्ता मोकळा होता आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही सांगणार.

मी सगळं सांगितलं. महिनाभर थांबा म्हणणाऱ्या बाईंना मी कसं पटवलं, का पटवलं, अण्णा, भाडेकरार, घाटीच्या व्हरांड्यात काय बोललो आणि काय नाही. साखळीचा दोन वर्षं ऐकलेला आवाजही सांगितला.

ती समोर रस्त्याकडं बघत होती. गोळेगाव गेलं.

"घाई तुम्ही केली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "माझीच चूक, माझीच चूक, एवढंच म्हणायच्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या शंभर किलोमीटरवरून यायच्या, डॉक्टर. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडं होता."

फर्दापूरला शेतातल्या घरापुढं मंडप घातला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, बाईंचे जुने सोबती, दोन ड्रायव्हर. त्रिशरण, पंचशील झालं. बाईंच्या फोटोला फुलं वाहिली. जेवणं चालू असताना मुक्ताने आईच्या कानात काही विचारलं. आईने बाईंच्या भावाला विचारलं, "तो कुत्रा कुठंय?"

राजा गोठ्याच्या सावलीत पडला होता. मोकळा. तोंडावरचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. आम्ही दहा-बारा पावलांवर थांबलो. मुक्ता आईचा हात धरून उभी राहिली. राजाने मान उचलून आमच्या दिशेने हवा हुंगली, पुन्हा मान टाकली.

"जा जवळ, पोरी," बाईंचा भाऊ चांगल्या मनाने म्हणाला. "आता काय करत नाय तो. एकदम शहाणा झालाय."

"असं कुणाला सांगू नका," मुक्ताची आई म्हणाली. "कुणालाच सांगू नका."

भाऊ गडबडला. मुक्ता जागची हलली नाही, मागेही सरली नाही. बराच वेळ बघून झाल्यावर ती म्हणाली, "चला."

परतताना तिची आई मागच्या सीटवर बसली. पुढची जागा रिकामी होती. अजिंठ्याचा घाट चढून वर आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. समोरून जळगाव गाडी आली आणि गेली. आरशात मला मुक्ता दिसत होती, ती मान वळवून गाडीच्या मागच्या काचेतून त्या बसकडं बघत होती.

"आई, आता रविवारी कोण येणार?"

तिच्या आईने तिला जवळ ओढलं, स्वेटरची वरची गुंडी लावली.

"कोणी नाही," ती म्हणाली.